सात फूट आत

मोजणीदारानं लाल झेंडी आमच्या लिंबाच्या बुंध्याशी रोवली, तेव्हा मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते.

“अहो, ती तिथं कशाला?” मी विचारलं. “मोजणी जगदाळेबाईंच्या प्लॉटची आहे ना? तो भिंतीच्या पलीकडं.”

त्यानं हातातला नकाशा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तरुण होता, पण समजूतदार वाटला. म्हणाला, “काकू, त्यांची हद्द इथपर्यंत येते. भिंतच चुकलीय. सात फूट.”

“चुकलीय म्हणजे?”

“म्हणजे तुमची भिंत त्यांच्या जागेत उभी आहे.”

हे पायरीपाशी खुर्ची टाकून बसले होते. काचबिंदूनं त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली. ऊन आणि सावली एवढाच फरक कळायचा. त्यांनी मान वळवून विचारलं, “किती म्हणाला?”

“सात फूट म्हणतोय.”

हे मान परत फिरवून बसले. मला वाटलं, धक्का बसला असेल.

याला आता अकरा वर्षं झाली. सांगलीबाहेर, माधवनगरच्या पुढं एका स्कीममधलं शेवटचं घर आमचं. एका ओळीत बारा रो-हाऊस, आमचं बारावं. हे एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते. यांचा फंड आणि अठ्ठावीस वर्षं ब्लाउज शिवून मी बाजूला टाकलेले पैसे, असं दोन्ही घालून ते घर घेतलं. बाकीच्या अकरा घरांपेक्षा आम्ही दीड लाख जास्त मोजले होते, कारण करारात लिहिलं होतं, ‘कोपऱ्यातील घर, बागेसह’. बिल्डर सरनोबतांनी स्वतः आम्हाला मागं नेऊन ती भिंत दाखवली होती. म्हणाले होते, “एवढी मोकळी जागा दुसऱ्या कुणाला नाही, काका. लावा काय लावायचं ते.”

आणि यांनी लावलं. भिंतीलगत सोनचाफा, सोनटक्का, कढीपत्ता, गवती चहा, थोडं अलीकडं लिंबू. पहिली दोन वर्षं हा माणूस घरात कमी आणि मातीत जास्त असायचा. मी म्हणायची, “रिटायर झालात ना, जरा बसा की.” तर म्हणायचे, “बसायचंच आहे पुढं.” मग दृष्टी गेली. पण बागेत त्यांना कुणाचा हात धरावा लागायचा नाही. पानं चुरगळून वास घ्यायचे, बोटांनी आळं चाचपायचे, पाणी कुठं कमी पडलंय ते मला सांगायचे. घरात उंबऱ्याला अडखळणारा माणूस तिथं सरळ चालायचा.

ती सगळी बाग, लिंबापासून भिंतीपर्यंतची, मोजणीदाराच्या झेंडीच्या पलीकडं गेली होती.

दुसऱ्याच दिवशी मी बिल्डरच्या ऑफिसात गेले. सरनोबत नव्हते. त्यांचा मॅनेजर माळवदे होता. त्यानं पाणी दिलं, पंखा माझ्याकडं फिरवला आणि मोजणीचा कागद शांतपणे वाचला.

“चूक झालीय, काकू,” तो म्हणाला. “आमच्या सुपरवायझरनं माप चुकीच्या खांबापासून धरलं असणार. तो माणूस आता आमच्याकडं नाही.”

तो इतक्या लगेच कबूल झाला, की मला वाटलं काम झालं. “मग आता काय करायचं?”

“भिंत मागं घ्यावी लागणार. दुसऱ्याची जागा आहे.”

“आणि आमची भरपाई?”

“कशाची?” त्यानं आमच्या खरेदीखताची फाइल काढली आणि एका आकड्यावर पेन ठेवलं. “तुम्हाला विकली बाराशे चौरस फूट. भिंत मागं घेतल्यावर तुमच्याकडं किती राहते? बाराशेच. तुमचं कमी काही झालेलं नाही. गेलं ते जास्तीचं गेलं.”

“पण बाग म्हणून तुम्ही दीड लाख जास्त घेतलेत.”

“बाग आहेच की, काकू. थोडी लहान.”

त्याच्या आवाजात उद्धटपणा असता, तर मी भांडले असते. तो समजावणीच्या सुरात बोलत होता, जसं मी गिऱ्हाइकाला सांगायची, की कापडच कमी आणलंत, बाही लांब कशी येणार. मी उठून बाहेर आले आणि रिक्षात बसल्यावर मला सुचलं, की काय बोलायला हवं होतं.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “सोडून दे.”

“सोडून काय दे? तुमच्या हातची झाडं आहेत ती.”

“ज्याची जागा त्याला जाणार. त्यात भांडायचं कुणाशी?”

“बिल्डरशी.”

“तो मोठा माणूस आहे. आपल्याच्यानं होणार नाही, सोडून दे.”

चाळीस वर्षांच्या संसारात मला यांचा राग आला तो तेव्हा. वर्कशॉपात बोल्ट अर्धा सूत कमी भरला तर साहेबाशी वाद घालणारा हा माणूस स्वतःच्या बागेसाठी तोंड उघडत नव्हता. मी ठरवलं, यांना जमत नसेल तर मी करेन.

जगदाळेबाईंवर रागवायचं म्हटलं तरी जमत नव्हतं. रत्नप्रभा नाव तिचं. नवरा सैन्यात हवालदार होता, सुट्टीवर येताना अपघातात गेला. त्यानंच कधीतरी घेऊन ठेवलेला प्लॉट, त्यावर ती आता दोन खोल्या बांधायला निघाली होती. मोजणीनंतर आठवड्यानं ती आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उभीच राहिली.

“काकू, मला फार वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “पण बांधकामाचं कर्ज मंजूर झालंय, आणि नकाशात माझी जागा पुरती दाखवल्याशिवाय ते पैसे सोडत नाहीत. दिवाळीपर्यंत थांबते. त्यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही.”

“तुझी काय चूक?” मी म्हटलं.

“काकांना सांगा, पलीकडची झाडं मी तोडणार नाही. माझ्या खोल्या पुढच्या बाजूला येणार आहेत. त्यांनी केव्हाही यावं.”

हे आतल्या खोलीत होते. दोन्ही खोल्यांच्या मधे पडदा तेवढा. त्यांनी ऐकलं असणारच, पण बाहेर आले नाहीत.

मिरजेच्या शाहीन मुजावर वकीलबाईंचे ब्लाउज मी शिवायची. त्यांनाच गाठलं. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, “केस चांगली आहे, काकू. बाग दाखवून पैसे घेतले, करारात शब्द आहे. ग्राहक आयोगात तक्रार टाकू.” तक्रार दोघांच्या नावानं गेली. यांचा अंगठा घेतला तेव्हा हे एवढंच म्हणाले, “तुला एवढं वाटतंय तर घे.”

मग तारखा सुरू झाल्या. कधी समोरचे वकील मुदत मागायचे, कधी त्यांची कागदपत्रं अपुरी असायची, कधी वकील आजारी. मी दर वेळी डबा घेऊन जायची आणि दुपारी डबा रिकामा करून परत यायची. आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसून मी हातशिलाईची कामं करायची.

मधल्या काळात दिवाळी झाली आणि भिंत पडली. गवंडी दोन दिवस खपत होते. नवी भिंत लिंबाच्या रेषेतच येत होती, त्यामुळं लिंबू काढावं लागलं. ऐन बहरात होतं. मी यांना म्हटलं, एकदा हात लावून घ्या. हे आले नाहीत. पाया खणून झाल्यावर संध्याकाळी मात्र त्यांनी मला विचारलं, “खाली काय लागलं?”

“काय लागणार? दगडगोटे.”

“कुणी काही म्हणालं?”

“काय म्हणणार?”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून ते बागेत जायचे बंद झाले. मागचं दार मी उघडून ठेवायची, ते जाता-येता लावून घ्यायचे. दिवसभर पलंगावर बसून रेडिओ ऐकायचे, तोही बातम्या संपल्या की तसाच खरखरत राहायचा. त्यांच्याकडं पाहून माझी जिद्द आणखी वाढायची. मला दिसायचं, की या माणसाचं जगणं कुणीतरी कापून नेलंय, आणि ज्यानं नेलं तो ऑफिसात पंखा फिरवून देतोय.

दीड वर्षानं आमचा पुरावा द्यायची वेळ आली. शाहीनबाईंनी शपथपत्र तयार करून माझ्याकडं दिलं. “घरी नीट वाचा. काकांनाही वाचून दाखवा. उद्या दोघंही या, इथं सही-अंगठा घेऊ. समोरच्यांचं म्हणणं आहे, की तुम्ही हद्द तपासूनच ताबा घेतला, तुम्हाला सगळं माहीत होतं. तेवढं आपण खोडलं की झालं.”

दुपारची जेवणं झाल्यावर मी यांच्यासमोर बसून वाचायला घेतलं. हे भिंतीला टेकून ऐकत होते. चौथ्या परिच्छेदाशी आले. ‘घराचा ताबा घेताना कंपाऊंडची भिंत हीच आमच्या जागेची हद्द आहे, असे आम्ही प्रामाणिकपणे समजत होतो. भिंत चुकीच्या जागी असल्याची मोजणी होईपर्यंत आम्हाला कोणतीही कल्पना नव्हती.’

“पुन्हा वाच,” हे म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

“हे माझ्याकडनं होणार नाही.”

“अंगठाच तर द्यायचाय. रिक्षा दारात येईल.”

“रिक्षाचं नाही.” त्यांनी हात चाचपडत रेडिओ बंद केला. “मला कल्पना होती.”

मला आधी कळलंच नाही. मी कागदावर पाहत राहिले, जणू ते त्यातलंच काहीतरी बोलत होते.

“राहायला आलो त्याच आठवड्यात मी टेप लावली होती,” हे म्हणाले. “सात फूट जास्त भरली. म्हटलं, बिल्डरनं दिली असेल, कोपऱ्याचं घर आहे. मग जूनमध्ये लिंबासाठी खड्डा घेतला. हातभर खाली दगड लागला. घडवलेला, वर फुली कोरलेली. वर्कशॉपची जागा मोजली तेव्हा असले दगड मीच उचलून दिलेत. हद्दीचा दगड मला कळतो.”

“मग?”

“मग खड्डा आणखी खोल घेतला. दगड तळाशी ढकलला आणि वर लिंबू लावलं.”

बाहेर रत्नप्रभाच्या बांधकामावर कुणीतरी सळया टाकत होतं.

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू लावू दिलं असतंस?”

नसतं दिलं. हे त्यांना ठाऊक होतं.

“डोळ्यांचे डॉक्टर त्याच महिन्यात म्हणाले होते, दोन वर्षं, फार तर अडीच,” ते म्हणाले. “तेही तुला सांगितलं नव्हतं. म्हटलं, दिसतंय तोवर लावून घ्यावं. पलीकडं नुसतं माळरान होतं. वाटलं, कोण येणार विचारायला. आणि चूक मी कुठं केली होती? भिंत काही मी बांधली नव्हती.”

“आणि मी दीड वर्ष हिंडतेय ती?”

“मी म्हणत होतो, सोडून दे.”

“असं म्हणून माणसाला काय कळतं?” माझा आवाज चढला. “लोकांसमोर शपथेवर बोलायला निघाले मी. ती पोरगी दारात उभी राहून माफी मागून गेली. तिनं आपली मागितली.”

ते मान खाली घालून बसले. आंधळ्या माणसानं मान खाली घातली, तर ती समोरच्याला दिसावी म्हणूनच घातलेली असते. मी मशीनपाशी गेले, एका ब्लाउजला हुक लावायचे राहिले होते ते लावायला बसले. सगळे लावून झाल्यावर पाहिलं, तर उलट्या बाजूला लावले होते. मग एकेक उसवत बसले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मिरजेला गेले. शाहीनबाईंना जे घडलं ते सांगितलं. त्यांनी खुर्ची जरा मागं घेतली.

“काकू, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “काकांचा अंगठा नसला तरी चालेल. ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ घालू. मोजणी होईपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. तुमच्यापुरतं ते खरंच आहे.”

“खरं आहे.”

“आणि काकांनी दगड पुरला म्हणून बिल्डरची चूक पुसली जात नाही. पैसे त्यानं घेतलेत.”

“त्यांच्या वकिलांनी यांना विचारलं तर? बोलावलं तर?”

“बोलावू शकतात. लेखी प्रश्न पाठवू शकतात. नाहीही पाठवणार.”

मी शपथपत्र पुढं घेतलं. पेन हातात होतं. ‘मी’ असा शब्द घालून त्यांनी नवीन पान छापून दिलं होतं, शाई अजून ओली. मी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला, की हे आयोगाच्या त्या बाकावर बसलेत, कुणीतरी त्यांचं नाव पुकारतंय, कुणीतरी हाताला धरून उभं करतंय, आणि विचारतंय. खोटं बोलले असते तर मला कळलं असतं. खरं बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं. पेन किती वेळ तसंच धरलं होतं, आठवत नाही.

“बाई, मागं घेऊ या,” मी म्हटलं.

“विचार करा. दीड वर्ष गेलंय तुमचं.”

“केला.”

त्यांनी बिल्डरच्या वकिलांना फोन केला, आपसात मिटवायचं म्हणून. चार दिवसांनी मला त्याच ऑफिसात बोलावलं. या वेळी सरनोबत स्वतः होते. उठून उभे राहिले, नमस्कार केला, चहा मागवला. नव्या भिंतीला आम्हाला जो खर्च आला होता, त्याच्या निम्म्या रकमेचा चेक आणि एक कागद माळवदेनं समोर ठेवला. बाहेरचं काही वाचायचं असलं की मी मोठ्यानं वाचते. यांच्यासाठी वाचून वाचून सवय लागली होती. तिथंही तशीच मोठ्यानं वाचायला लागले. ‘सदर तक्रार गैरसमजातून दाखल करण्यात आली होती. आमची बिल्डरविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही. सदर रक्कम त्यांनी केवळ सद्भावनेपोटी दिली आहे.’

माळवदेनं पेनाचं टोपण काढून दिलं.

मी सही केली.

“बघा काकू,” सरनोबत म्हणाले, “पहिल्याच दिवशी असं समोरासमोर बसलो असतो, तर तुम्हाला एवढे हेलपाटे पडले नसते. माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही. मला काय आनंद वाटतो का?”

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली. मला तिथून लवकर निघायचं होतं.

“चुकलं आमचं,” मी म्हटलं.

“असू दे, असू दे,” ते म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला आले.

घरी आल्यावर हे म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “मिटलं.” किती मिळाले, काय लिहून दिलं, त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढं आम्ही पाच वर्षं एकत्र काढली. मी त्यांना आंघोळ घातली, जेवू घातलं, पेपर वाचून दाखवला. भांडलो नाही. बागेचं नाव काढलं नाही. पलीकडून रत्नप्रभा दर उन्हाळ्यात निरोप पाठवायची, “चाफा भरलाय, काकांना घेऊन या.” मी यांना सांगायची. हे म्हणायचे, “बघू.”

चार वर्षांपूर्वी हे गेले. दहावा झाल्यावर रत्नप्रभा आली, ओंजळभर चाफा पदरात घेऊन. यांच्या फोटोपुढं फुलं ठेवली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत.

“काकू, एक विचारू? रागावू नका.”

“विचार की.”

“काका एकदाही आले नाहीत. भिंतीपलीकडून मी खोकले तरी आत निघून जायचे. एवढा राग होता का माझा?”

“नाही ग,” मी म्हटलं. “तुझा राग नव्हता.”

“मग?” ती फुलांकडं पाहत होती. “मी तेव्हा एकटी होते, कर्जवाल्यांना घाबरून होते. पण माझं घर उभं राहिल्यावर मला त्या पट्ट्याचं काय करायचं होतं? काका एकदा येऊन नुसते बोलले असते, तर मी भिंतीला फाटक ठेवलं असतं. चावी त्यांच्याकडंच दिली असती. मी तर वाट बघत होते, की ते येतील. वाटायचं, माणूस अजून रागात आहे, आपण होऊन कसं म्हणायचं.”

ती थांबली. मी काहीतरी बोलेन म्हणून माझ्याकडं पाहत राहिली. सांगितलं असतं तर तिच्या मनावरचं ओझं तिथल्या तिथं उतरलं असतं. समोर यांचा फोटो होता, त्यावर तिनं आणलेली फुलं.

मी उठले, म्हटलं, “थांब, चहा टाकते.”

आत जाऊन गॅस पेटवला, आणि पाणी उकळून अर्धं होईपर्यंत तिथंच उभी राहिले.